कोरड्या पावाचे दोन घास

माझी आत्या हसते ती आधी खांद्यांनी. मग नाक फुरफुरतं आणि सगळ्यात शेवटी आवाज येतो. तोंडात टाचण्या असल्या की गाडी खांद्यांवरच थांबते, कारण ओठ मिटून ठेवावे लागतात. गुडघ्यांवर बसून कुणाच्या तरी स्कर्टचा घेर सारखा करणारी आत्या आणि तिचे आतल्या आत उसळणारे खांदे, यापेक्षा मजेशीर दृश्य मी पाहिलेलं नाही. आणि ते मी रोज मुद्दाम घडवून आणत होते.

कारण मी नकला करते. म्हणजे आता करते. मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीला 'हजर' म्हणायलाही बिचकायचे. बाई दोनदा नाव घ्यायच्या आणि शेजारची माझ्या वतीनं हात वर करायची. घरी कुणी आलं की मी आत्याच्या शिलाई मशीनमागे जाऊन बसायचे. आत्याचं दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. तिथे बसून बसून मला सगळी गिऱ्हाइकं पाठ झाली. एकदा एक बाई माप देऊन गेल्यावर मी सहज त्यांच्या आवाजात म्हटलं, "बाह्या सैल हव्यात, पण सैल दिसायला नकोत." आत्याच्या तोंडातल्या टाचण्या जमिनीवर पडल्या.

"परत कर," ती म्हणाली.

मी परत केलं. त्या दिवशी माझ्या तोंडाचं कुलूप निघालं. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे किल्लीही त्याच दिवशी हरवली.

मग आमचा खेळच झाला. मी नवी नक्कल बसवायची आणि आत्याच्या तोंडात टाचण्या असताना तिच्यासमोर करायची. खांदे हलले तर नक्कल पास. "लोकांची तोंडं रिकामी असतात," आत्या म्हणायची, "ती हसणारच. टाचण्या धरलेल्या बाईला हसवलंस तर खरी." खांदे फारच हलायला लागले की ती पंजा वर करायची. पंजा म्हणजे थांब, मी हरले. आणि पंजा वर झाला की मी कधीच थांबायचे नाही. खरी मजा तर तिथूनच सुरू व्हायची.

गंमत म्हणजे आत्याकडे सकाळी दोन मुली शिवण शिकायला येतात आणि त्यांना पहिला धडा हाच असतो: टाचणी मनगटावरच्या उशीत ठेवायची, तोंडात नाही. "तोंड म्हणजे डबा नव्हे," असं आत्या त्यांना बजावते. कधी कधी टाचण्या तोंडात ठेवूनच बजावते. त्याचीही नक्कल माझ्याकडे होती.

हे सगळं छान चाललं होतं, पण भूगोलाच्या बाईंनी घोळ केला. म्हणजे घोळ मीच केला. मी व्हरांड्यात त्यांच्यासारखी नकाशावर छडी आपटत होते आणि त्या माझ्या मागे उभ्या होत्या. बाबांना शाळेत बोलावलं गेलं. बाबा बसच्या आगारात वेळापत्रकं लावतात. दिवसभर लोक त्यांच्याशी गाडी का सुटली यावर भांडतात, म्हणून घरी ते शब्द मोजून वापरतात. त्या दिवशी त्यांनी बरेच वापरले.

"तोंड फार सुटलंय तुझं. आणखी एक तक्रार आली की ती शनिवारची स्पर्धा बंद. ऐकलंस?"

आई दुसऱ्या गावी नोकरीला असते, महिन्यातून एकदा येते. त्यामुळे माझ्या बाजूनं बोलायला आत्याच होती.

"माझ्या जबाबदारीवर सोड रे," ती म्हणाली. "मी बघते तिच्याकडे."

"तूच बिघडवलंस, ताई."

"बरं, मीच. मग सुधरवीनही मीच."

शनिवारची स्पर्धा म्हणजे नकलांची, शहरातल्या सगळ्या शाळांची. स्टेज, माईक, परीक्षक, सगळं. माझी निवड झाली होती आणि त्या आनंदात मी आठवडाभर जमिनीवर नव्हते. बुधवारी शाळेतून आले तेव्हा बँकेतल्या मॅडम नुकत्याच फिटिंग करून गेल्या होत्या. त्यांचा राखाडी झगा पुतळ्यावर चढवलेला होता आणि आत्या खाली बसून त्याचा काठ दुमडत होती. तोंडात टाचण्या, त्या डोक्याला रंगीत मणी लावलेल्या.

बँकेतल्या मॅडम माप देताना श्वास आत ओढून पोट पाठीला लावतात आणि त्याच कोंडलेल्या श्वासावर बोलतात. "मी नेहमी अशीच असते, तुम्ही घ्या माप." ही नक्कल मी स्पर्धेत करणार होते. दप्तर फेकलं आणि सुरू झाले. आत्याचे खांदे पहिल्या वाक्यालाच गेले. दुसऱ्याला नाक. तिनं पंजा वर केला.

मी थांबले नाही. शेवटचा तुकडा बाकी होता ना. कोंडलेला श्वास एकदम सुटतो आणि झग्याचं बटण उडून मॅनेजरच्या चहात पडतं. मी बटण उडवलं, चहाचा 'डुबुक' आवाजही काढला.

आत्याचं तोंड उघडलं. हसू बाहेर आलं आणि हसल्यावर माणूस जसा मोठा श्वास आत घेतो, तसा तिनं घेतला. दोन टाचण्या फरशीवर वाजल्या. मग ती हसायची थांबली. हळूहळू नाही, मध्येच कापल्यासारखी.

"काय झालं?"

तिनं हात गळ्यावर ठेवला. खोकली, परत खोकली. मग म्हणाली, "गेली."

"कोण गेली?"

"टाचणी."

तिला श्वास घेता येत होता, बोलता येत होतं. गळ्याच्या खळगीवर बोट ठेवून ती म्हणाली, "इथे टोचतंय." चेहरा पांढरा पडला होता, पण मला वाटलं, बोलतेय म्हणजे फार काही नाही. आणि मला सुचलं. मला हल्ली सगळं पटकन सुचायचं.

"कोरडा पाव," मी म्हटलं. "माशाचा काटा अडकला की काय करतात? पाव गिळतात. तो बरोबर घेऊन जातो."

"काटा वेगळा. ही टाचणी आहे."

"आत्या, तत्त्व तेच."

'तत्त्व तेच' मी विज्ञानाच्या सरांच्या आवाजात म्हटलं. नक्कल म्हणून नव्हे, तो आवाज आपोआप लागला. त्या आवाजाला कुणी नाही म्हणत नाही. आत्यानंही म्हटलं नाही. मी स्वयंपाकघरातून पाव आणला, मोठा तुकडा तोडून हातात दिला. ती पहिला घास नीट न चावता गिळायला लागली, मीच तसं सांगितलं होतं. तो उतरेना. तिनं डोळे मिटून तो खाली ढकलला.

"अजून एक," मी म्हटलं.

दुसऱ्या घासाला तिनं टेबलाची कड धरली. बोटांची पेरं पांढरी झाली. बराच वेळ ती तशीच उभी राहिली.

"खाली गेली?"

"खाली नाही," ती म्हणाली. आवाज कुणीतरी किसल्यासारखा येत होता. "आत गेली."

तिनं रुमाल तोंडाला लावला. काढला तेव्हा त्यावर गुलाबी लाळ होती. मी पावाचा उरलेला भाग हातात धरून उभी होते. तो कुठे ठेवायचा तेच मला सुचेना.

टॅक्सी मी थांबवली, बाबांना आगारात फोन मी केला. बाबा थेट हॉस्पिटलला येतो म्हणाले. टॅक्सीत आत्या ताठ बसली होती, पाठ टेकली की दुखत होतं. तिनं माझा हात धरला.

"पावाचं बोलायचं नाही," ती कुजबुजली. "हसवण्याचंही नाही. शिवता शिवता गिळली गेली, एवढंच."

"बाबांना पण?"

"त्याला तर नाहीच."

मी मान हलवली. मला तेव्हा काय वाटलं, ते कुणी विचारलं तर मला खाली बघावं लागेल. मला हायसं वाटलं. आत्याच्या छातीत टाचणी होती आणि मला शनिवार दिसत होता, स्टेज, माईक. ती आपणहून गप्प बस म्हणाली, हे मला फार सोयीचं वाटलं.

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात एका सिस्टरनं आत्याला खाटेवर बसवलं. काय गिळलं, केव्हा, श्वासाला त्रास आहे का, शेवटचं कधी खाल्लं.

"सकाळी," आत्या म्हणाली.

मी सिस्टरच्या बुटांकडे बघत होते. पांढरे, नाड्या नसलेले.

एक्स-रे निघाला. काळ्या पडद्यावर आत्याच्या फासळ्या, पाठीचे मणके आणि मध्येच, तिरकी, आमच्या दुकानातली टाचणी. मणी खाली आणि टोक वर. मी ती लगेच ओळखली. इतक्या वर्षांत फरशीवरून, गालिच्यातून, स्वतःच्या टाचेतून काढलेली तीच टाचणी. दुर्बिणीचे डॉक्टर, म्हणजे घशातून कॅमेऱ्याची लवचिक नळी घालून आत बघणारे, उंच होते आणि फळ्यासमोर उभं राहिल्यासारखे बोलत होते. तोवर बाबाही पोचले होते, आगारातल्या ओळखपत्राचा पट्टा गळ्यातच होता.

"अन्ननलिका म्हणजे मऊ पिशवीसारखी नळी," डॉक्टर म्हणाले. "ही टाचणी टोक वर करून अडकली आहे. वर ओढली तर टोक भिंत फाडत येईल. म्हणून आधी तिला खाली पोटात न्यायचं, तिथे फिरवायचं आणि मणी पुढे, टोक मागे अशी बाहेर काढायची." त्यांनी हे खिशातल्या पेनानं करून दाखवलं. मग सहज म्हणाल्यासारखे म्हणाले, "वरून काही खायला दिलं नाही ना? लोक पाव देतात, केळं देतात. त्यानं टाचणी निघत नाही, रुतते."

"नाही," आत्या म्हणाली. इतक्या पटकन की बाबांनी तिच्याकडे बघितलं.

डॉक्टरांची नजर माझ्यावरून गेली. थांबली असं नाही, नुसती गेली. त्यांनी रुतते म्हटलेलं मी ऐकलं होतं. टेबलाची कड धरलेली बोटं मी पाहिली होती. आणि मी गप्प.

मग भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. बुटक्या, घाईतल्या, डोक्यावरच्या कापडी टोपीवर पिवळी बदकं. त्यांनी आत्याचं तोंड उघडून पाहिलं, मान हलवून पाहिली.

"शेवटचं काय खाल्लं?"

"सकाळी नाश्ता. मग चहा."

"मी हे सगळ्यांना दोनदा विचारते," त्या म्हणाल्या, आणि आता आमच्याकडे वळून, "घरच्यांनाही विचारते. कारण पोटात किंवा घशात अन्न असेल आणि मी यांना झोपवलं, तर ते उलटून वर येतं आणि फुफ्फुसात उतरतं. ते टाचणीपेक्षा वाईट. माणूस जाऊ शकतो. तेव्हा लाजायचं नाही. खाल्लंय काही?"

आत्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. अगदी थोडी. नको.

बाबा म्हणाले, "मी कामावर होतो, मला कल्पना नाही."

खाट हलायला लागली होती. मी तोंड उघडलं आणि माझ्याजवळ आवाजच नव्हता. बँकेतल्या मॅडमचा होता, भूगोलाच्या बाईंचा होता, विज्ञानाच्या सरांचा तर त्या दिवशी चांगलाच तापला होता. माझा कुठे होता कोण जाणे.

"पाव," मी म्हटलं.

कुणालाच ऐकू गेलं नाही. मागच्या वर्षीचा आवाज होता तो, हजेरीचा. खाट दाराशी गेली. मी धावले आणि तिची लोखंडी कड धरली.

"पाव खाल्लाय. दोन घास. मोठे, न चावता. टाचणी गेल्यावर लगेच. मी दिले."

आत्यानं डोळे मिटून घेतले. बाबांनी माझ्याकडे बघितलं, हे मला न बघताच कळलं.

बदकांच्या टोपीवाल्या बाई रागावल्या नाहीत. आत वळून म्हणाल्या, "पोट भरलेल्या पेशंटची तयारी करा. आधी श्वासनलिकेत नळी, मग बाकी सगळं." मग मला, "अजून काही?"

"मी हसवलं म्हणून गिळली गेली. तिनं हात वर केला होता तरी मी..."

"ते मला नको," त्या म्हणाल्या. "पाणी प्यायल्या का?"

"नाही."

"बस." आणि दार बंद झालं.

बाहेरच्या बाकावर मी आणि बाबा बसलो. समोर एक यंत्र होतं, नाणं टाकलं की कॉफी देणारं. ते मधूनच स्वतःशी गुरगुरायचं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ताईनं सांगितलं होतं गप्प राहायला?"

"हो."

"सिस्टरनं विचारलं तेव्हा तू तिथे होतीस?"

"हो."

"आणि त्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तर मीच होतो." ते थांबले. "तेव्हा का नाही बोललीस?"

आत्यानं सांगितलं होतं म्हणून, हे उत्तर तयार होतं. अगदी खरं वाटेल असं उत्तर. पण ते ओठांवर येईना.

"शनिवारी..." एवढंच म्हणाले मी.

बाबांना पुढचं कळलं. गाडी का सुटली याची कारणं ऐकून ऐकून त्यांना अर्ध्या शब्दात कळतं.

"बरं," ते म्हणाले.

ओरडले असते तर मला चाललं असतं. बाबांचं ते 'बरं' ऐकून मला बाकाखाली जाऊन बसावंसं वाटलं, मशीनमागे बसायचे तसं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात झाकणाची छोटी बाटली होती आणि तिच्यात टाचणी. मणी निळा होता.

"निघाली," ते म्हणाले. "पण वेळ लागला. वर पाव बसला होता, तो आधी तुकड्या-तुकड्यांनी काढला. कॅमेऱ्याच्या नळीच्या तोंडाला प्लॅस्टिकची टोपी लावली होती, त्यात टोक झाकून बाहेर आणली. जिथे टोक घुसलं होतं तिथे भिंतीला भोक पडलंय. लहान आहे. आतूनच चिमटा लावून बंद केलंय. लगेच स्कॅनही केला, त्यात भोकाबाहेर थोडी हवा दिसते, पण पू वगैरे नाही. आता अन्ननलिकेला पूर्ण सुट्टी. तोंडानं पाण्याचा थेंबही नाही. सलाइन, अँटिबायोटिक आणि लक्ष ठेवणं."

"कशावर लक्ष?" बाबांनी विचारलं.

"ताप. छातीतलं दुखणं. आणि मानेजवळ कातडीखाली हवा साठते का. साठली तर हाताला चुरचुर लागते. तसं झालं तर ऑपरेशन करावं लागेल, छाती उघडून."

"पाव दिला नसता तर?" मी विचारलं. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, विचारू नको अशा अर्थानं, पण विचारून झालं होतं.

डॉक्टरांनी जरा विचार केला. बहुतेक माझं वय बघून खोटं बोलावं का, असा.

"बहुधा नुसता ओरखडा असता," ते म्हणाले. "पण वेळेवर सांगितलंस ते चांगलं केलंस."

त्या दोन वाक्यांतलं दुसरं मला कधीच नीट आठवत नाही. पहिलं मात्र त्यांच्याच आवाजात आठवतं, हुबेहूब. नकला करण्याचा हा एक तोटा आहे.

गुरुवारी शाळेला गेले नाही. आत्याला नाकातून नळी होती, दोन्ही हातांना सुया. बोलायचं नाही असं सांगितलं होतं. सिस्टरनं मला मानेखाली, हाडाच्या वर, कसं हलकेच दाबून बघायचं ते शिकवलं. "कोऱ्या कापडाची घडी दाबल्यावर कसं करकरतं, तसं काही लागलं तर बेल दाब." शिंपिणीच्या भाचीला याहून चांगलं कुणी समजावलं नसतं. मी दाबून बघायचे. मऊ. परत दाबायचे. मऊ. आत्या डोळे फिरवायची, म्हणजे पुरे. मी तरी दाबायचे.

संध्याकाळी तिला ताप आला. अंग थरथरायला लागलं, मोजणाऱ्या यंत्रावरचे आकडे वर जायला लागले. सिस्टरनी औषध बदललं, डॉक्टरांना बोलावलं. परत स्कॅनला नेलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि मला पुतळ्यावरचा तो राखाडी झगा दिसत राहिला, अर्धा काठ दुमडलेला, अर्धा लोंबणारा. तिला कापलं तर कोण पुरा करणार तो? अशा वेळी माणसाला असलं का सुचतं? पण सुचलं.

स्कॅन पहिल्यासारखाच निघाला, वाढलं काही नव्हतं. शुक्रवारी दुपारपर्यंत ताप उतरला. आई त्याच दिवशी आली. मी तिला सगळं सांगितलं, एका दमात, कॉफीच्या यंत्राशेजारी उभं राहून. ती म्हणाली, "आधी काहीतरी खा." मी म्हटलं, आत्याला पाण्याचा थेंब मिळत नाही. आई म्हणाली, "तू उपाशी राहिल्यानं तिचं भोक भरणार आहे का?" तिनं सँडविच आणलं. मी त्यातला पाव काढून ठेवला आणि आतलं खाल्लं. पाव मला गिळवेना.

शनिवारी सकाळी बाबा आले, इस्त्रीचा शर्ट घालून.

"आज शनिवार," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"चल, सोडतो तुला. तुझी आई थांबेल इथे."

"नाही जायचं."

"शिक्षा म्हणून मी काही बंद केलेलं नाही."

"मीही शिक्षा म्हणून म्हणत नाही. ती नक्कल आता येत नाही मला. करून बघितली, बाथरूममध्ये." खरंच बघितली होती. श्वास आत ओढला आणि तो सोडायची भीती वाटली.

बाबा माझ्या शेजारी बसले. आत्या आमच्याकडे बघत होती. तिनं पंजा वर केला. आमच्या खेळातला. मला वाटलं, ती म्हणतेय थांबा, वाद घालू नका. मी थांबले. पहिल्यांदाच.

चाचणी सोमवारी झाली. आत्याला एक पांढरं पातळ औषध घोटघोट प्यायला दिलं आणि ते गळ्यातून उतरताना पडद्यावर दिसत होतं. डॉक्टरांनी आम्हाला नंतर ते चित्र दाखवलं. पांढरी रेघ वरून खाली, चिमट्याजवळ जरा अरुंद, पण कुठेही फुटलेली नाही. "सरळ गेलं," ते म्हणाले. "आता पाणी. मग दूध, सूप. पंधरा दिवस सगळं पातळ. पाव नाही." शेवटचं त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, हे त्यांचे उपकार.

त्या दिवशी मी आत्याला चमच्यानं पाणी दिलं. ती एक चमचा तोंडात धरून बसली, मग गिळला. तिचा गळा वरखाली झाला, तेव्हा माझाही झाला.

"आत्या," मी म्हटलं, "तू सांगितलंस म्हणून मी गप्प नव्हते बसले."

तिनं भुवया वर केल्या.

"म्हणजे तू सांगितलंस. पण मला ते बरंच वाटलं. बाबांना कळलं तर स्पर्धा जाईल म्हणून. तुला काहीही झालं असतं आणि मी शनिवारचा विचार करत होते."

तिनं चमच्याकडे बोट करून आणखी एक घोट मागितला आणि गिळला. मग त्या किसलेल्या आवाजात म्हणाली, "आणि तुला काय वाटलं, मी तुझ्यासाठी सांगितलं होतं?"

"मग?"

"मला लाज वाटत होती. त्या दोन पोरींना रोज ओरडते मी, तोंड म्हणजे डबा नव्हे. आणि एवढी घोडी झालेली बाई, शाळकरी पोरीनं तत्त्व तेच म्हटलं म्हणून पाव गिळते. हे डॉक्टरला कुठल्या तोंडानं सांगू?" तिनं दम घेतला. "पोरीला वाचवतेय म्हणत तुझं नाव पुढे केलं नुसतं. मनातल्या मनात. बरं दिसतं ना तसं."

मी चमचा पाण्यात फिरवत बसले.

"मग आपण दोघी सारख्याच," मी म्हटलं.

"नाही," आत्या म्हणाली. "तू शेवटी बोललीस. मी तेव्हाही मान हलवत होते."

तिनं हे मला बरं वाटावं म्हणून म्हटलं असेल. मला बरं वाटलं नाही. पण चमचा फिरवायचा थांबले.

घरी आल्यावर दुसऱ्या आठवड्यात बँकेतल्या मॅडम झगा न्यायला आल्या. काठ शिकणाऱ्या मुलींनी पुरा केला होता, आत्यानं खुर्चीवर बसून सांगितलं तसा. मॅडमनी झगा घालून श्वास आत ओढला आणि म्हणाल्या, "मी नेहमी अशीच असते, छान बसलाय." मी मशीनच्या मागे उभी राहून बॉबिनवर दोरा गुंडाळत होते. आत्या माझ्याकडे बघत नव्हती, मी तिच्याकडे बघत नव्हते. दोघी भिंतीकडे बघत होतो.

मॅडम गेल्या. आत्यानं दुसरं काम पुतळ्यावर चढवलं. तिच्या मनगटावर आता टाचण्यांची उशी असते, मुलींनीच शिवून दिलेली, जरा वाकडी. तिनं एक टाचणी काढली आणि हात सवयीनं ओठांकडे गेला. मध्येच थांबला. टाचणी परत उशीत गेली. मग ती वळली आणि दुखणेकरी डॉक्टरपुढे करतात तसा तिनं मोठा आ केला.

"काय?" मी म्हटलं.

"बघ. रिकामं आहे. हवं तर टॉर्च आण."

मी टॉर्च आणला. खरंच आणला. जीभ, दात, चांदी भरलेली एक दाढ, आणि त्यामागे तो अंधार, जिथे ती टाचणी गेली होती. मी नीट बघितलं. जिभेखालीसुद्धा बघितलं.

"झालं समाधान?" ती आ केलेल्या तोंडानंच म्हणाली. "आता कर."

"नको, आत्या. हसल्यावर दुखेल तुला."

"थोडं दुखतं. कर."

मी श्वास आत ओढला. पोट पाठीला लावलं. पहिलं वाक्य निघालं ते मागच्या वर्षीच्या आवाजात, अर्धं, हजेरीसारखं. आत्या थांबली. हात मांडीवर, टाचण्या उशीत, तोंड अजून उघडंच. खांदे हलले नव्हते. मी दुसरं वाक्य सुरू केलं आणि तिच्या पंजाकडे लक्ष ठेवलं.